डॉ. बोरोदिन यांचा उरलेला वेळ

श्रावण लागला की आपल्या वसाहतीच्या हॉलमध्ये संध्याकाळी वाद्यवृंदाची तालीम सुरू होते. पेटीवर भूलतज्ज्ञ, तबल्यावर पॅथॉलॉजीचे तंत्रज्ञ, गायला दोन सिस्टर आणि एक इंटर्न, व्हायोलिनवर दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. निम्मे मराठी, निम्मे इथलेच सहकारी. पण आरतीची चाल आता सगळ्यांनाच पाठ झाली आहे. तालीम सलग अशी कधीच होत नाही. अंतरा रंगात आलेला असतो, तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो आणि तो माणूस वाद्य खाली ठेवून वॉर्डाकडे धावतो. मग उरलेली मंडळी त्याची जागा गुणगुणून भरून काढतात.

गेल्या वर्षी अशाच एका तालमीनंतर त्या व्हायोलिनवाल्या मुलीने मला गाठले. परीक्षा डोक्यावर होती आणि घरून रोज फोन येत होते. डॉक्टर व्हायला आलेल्या माणसाने या गोष्टीत वेळ घालवावा का, असा तिचा सरळ प्रश्न होता. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. एक नाव मात्र आठवले. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीसमोर दरवर्षी हात जोडणाऱ्या आपल्या मंडळींना ते नाव ठाऊक असावे असे वाटले, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा लेख.

ते नाव आहे रशियाचे डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि संगीतकार अलेक्झांडर पोर्फिर्येविच बोरोदिन यांचे.

बोरोदिन यांचा जन्म सेंट पीटर्सबर्ग येथे 12 नोव्हेंबर 1833 रोजी झाला. वडील लुका गेदियानोव्ह हे जॉर्जियन वंशाचे सरदार, वय साठीच्या पुढे. आई अवदोत्या अंतोनोवा पंचविशीतली. दोघांचे लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा मुलाला बापाचे नाव मिळत नसे. म्हणून सरदारांच्या पोर्फिरी बोरोदिन नावाच्या एका भूदासाचा मुलगा म्हणून त्याची नोंद झाली. भूदास म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला, मालकाच्या मर्जीवर जगणारा माणूस. म्हणजे कागदोपत्री हा मुलगा स्वतःच्या जन्मदात्याचाच दास होता. मुलगा सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला दास्यातून मुक्त केले आणि माय-लेकरांच्या राहण्याची व खर्चाची तरतूद केली. आई मात्र चारचौघांत आई होऊ शकली नाही. तो तिला मावशी म्हणत असे.

या मावशीने मुलाला हौसेने वाढवले. शिक्षक घरी येत. जर्मन, फ्रेंच भाषा तो लहानपणीच शिकला. लष्करी बँडमधल्या एका वादकाकडून बासरी शिकला, मग पियानो आणि चेलो. नवव्या वर्षी त्याने एक छोटीशी नृत्यधून रचली. त्याच सुमारास रसायनांचे वेड लागले. खोलीत बाटल्या, नळ्या, उग्र वास आणि मध्येच होणारे छोटे स्फोट यांनी घरातली माणसे हैराण होत. संगीत आणि रसायन ही दोन्ही वेडे एकाच घरात, एकाच वयात लागली आणि शेवटपर्यंत दोन्ही सुटली नाहीत.

1850 साली बोरोदिन सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यक-शल्यचिकित्सा अकादमीत दाखल झाले. तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते निकोलाय झिनिन. नायट्रोबेंझिनपासून ॲनिलिन तयार करण्याची रीत 1842 मध्ये शोधून काढणारे हेच ते झिनिन. बोरोदिन त्यांचे लाडके शिष्य झाले. आपल्यामागे ही खुर्ची याच मुलाने सांभाळावी असे गुरूच्या मनात होते. त्यामुळे शिष्य रात्री जागून चेलो वाजवतो, गाणी रचतो हे कळल्यावर झिनिन यांनी भर वर्गात त्याचे कान उपटले. दोन सशांच्या मागे धावणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा मतितार्थ. आपल्या घरून येणाऱ्या फोनसारखाच हा सल्ला. प्रेमापोटी दिलेला, आणि अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही असा.

पदवीनंतर 1856 मध्ये बोरोदिन लष्करी रुग्णालयात रुजू झाले. तिथल्या ड्युटीवर त्यांना एक सतरा वर्षांचा, नीटनेटका, पियानो छान वाजवणारा तरुण अधिकारी भेटला. त्याचे नाव मोदेस्त मुसोर्गस्की. पुढे दोघेही रशियन संगीतातली मोठी नावे ठरणार होते, पण त्या दिवशी ते होते कंटाळलेले ड्युटी डॉक्टर आणि ड्युटी ऑफिसर.

त्याच रुग्णालयात आणखी एक प्रसंग घडला. फोडून काढलेले सहा भूदास उपचारासाठी आणले गेले. त्यांच्या पाठीत घुसलेल्या काठ्यांच्या ढलप्या काढण्याचे काम या तरुण डॉक्टरकडे आले. बोरोदिन यांना तीनदा चक्कर आली. काम पूर्ण केले, पण शल्यचिकित्सा आपल्याला झेपणारी नाही हे त्यांना कळून चुकले. ज्याच्या जन्माच्या नोंदीत तोच शब्द लिहिलेला होता, त्या माणसाला त्या पाठी पाहताना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

1858 मध्ये त्यांनी फॉस्फोरिक आणि आर्सेनिक आम्लांच्या रासायनिक व विषशास्त्रीय साधर्म्यावर प्रबंध लिहून वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी अकादमीने त्यांना उच्च अभ्यासासाठी परदेशी पाठवले. हायडेलबर्गला मेंडेलीव्ह आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव्ह हे त्यांचे सोबती होते. तिथेच 1861 मध्ये एकातेरिना प्रोतोपोपोवा ही रशियन पियानोवादक भेटली. ती क्षयाच्या उपचारांसाठी आली होती. शोपँ आणि शुमान यांचे संगीत तिने बोरोदिन यांना ऐकवले आणि दोघे एकमेकांत गुंतले. तिच्या प्रकृतीला ऊब हवी म्हणून दोघे इटलीत पिसा येथे गेले. दिवसा बोरोदिन तिथल्या प्रयोगशाळेत फ्लोरीनच्या संयुगांवर काम करीत आणि फावल्या वेळात तिथल्या वाद्यवृंदात चेलो वाजवीत. 1862 मध्ये ते मायदेशी परतले, 1863 मध्ये लग्न झाले आणि 1864 मध्ये ते अकादमीत पूर्णवेळ प्राध्यापक झाले.

रसायनशास्त्रातले त्यांचे काम हौशी नव्हते, हे आपल्यासारख्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. कार्बोक्झिलिक आम्लाच्या चांदीच्या क्षारावर ब्रोमीनची क्रिया करून ब्रोमाइड मिळवण्याची रीत त्यांनी 1861 मध्ये दाखवून दिली. पुढे ती हुन्सडीकर दांपत्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. आपण सर्वांनी अकरावी-बारावीत घोकलेली अल्डॉल अभिक्रिया फ्रान्सच्या वुर्ट्झ यांच्याबरोबर बोरोदिन यांच्याही नावावर आहे, साल 1872. लघवीतल्या युरियाचे मोजमाप करण्याची एक सुटसुटीत पद्धतही त्यांनी बसवली. ती वॉर्डातल्या रोजच्या कामासाठी होती.

आणि संगीत? ते या सगळ्यातून उरलेल्या वेळात.

सेंट पीटर्सबर्गचे नामांकित वैद्य सेर्गेई बोत्किन यांच्या घरी शनिवारी मित्रमंडळी जमत. बोत्किन स्वतः चेलो वाजवीत. 1862 मध्ये या बैठकीत बोरोदिन यांची बालाकिरेव्ह यांच्याशी ओळख झाली. बालाकिरेव्ह यांच्याभोवती जमलेले तरुण पाहा. क्युई लष्करातले तटबंदीचे इंजिनियर, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलातले अधिकारी, मुसोर्गस्की लष्कर सोडून पुढे सरकारी कचेरीत कारकुनी करणारे आणि पाचवे हे आपले प्राध्यापक. बालाकिरेव्ह सोडले तर सगळे नोकरदार. रशियन संगीताला स्वतःचा आवाज देणारी पाच जणांची ही टोळी रात्रीच्या तालमींतूनच उभी राहिली.

बालाकिरेव्ह यांच्या आग्रहाने बोरोदिन यांनी पहिली सिंफनी लिहायला घेतली. ती पुरी व्हायला पाच वर्षे लागली. 1869 मध्ये ती वाजली. दुसरी सिंफनी त्याच साली सुरू केली आणि 1876 मध्ये हातावेगळी झाली. 1869 मध्येच समीक्षक स्तासोव्ह यांनी त्यांना एका ऑपेराचे कथानक सुचवले. बाराव्या शतकात स्तेपमधल्या पोलोव्त्सी टोळ्यांवर चालून गेलेला आणि त्यांच्या कैदेत सापडलेला राजा, प्रिन्स इगोर. बोरोदिन हरखले, कामाला लागले, थोड्याच काळात ते बाजूला ठेवले आणि 1874 मध्ये पुन्हा हातात घेतले. असे एकूण अठरा वर्षे ते काम चालू-बंद, चालू-बंद करत रेंगाळत राहिले.

वेळ जात तरी कुठे होता? बोरोदिन यांचे बिऱ्हाड अकादमीच्याच इमारतीत, प्रयोगशाळेला लागून होते. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी आपल्या आठवणींत या घराचे चित्र रंगवले आहे. पियानोवर बसून नवे काही ऐकवत असतानाच बोरोदिन ताडकन उठत आणि काही जळले तर नाही ना, उतू तर गेले नाही ना हे पाहायला प्रयोगशाळेत धावत. जाता-येता मोठ्याने सूर आळवीत. घरात दूरदूरचे नातेवाईक येऊन राहत. कुणी आजारी, कुणी पोरके, कुणी नुसतेच मुक्कामाला. बैठकीच्या खोलीत कुणीतरी झोपलेले असे आणि त्याची झोपमोड नको म्हणून घरमालक आपल्याच पियानोला हात लावीत नसत. जेवणाच्या टेबलावर मांजरे ताटांतून फिरत. एकातेरिना यांना दम्याचा त्रास होता. रात्र-रात्र झोप नसे आणि त्यांच्यासोबत बोरोदिनही जागत. वर्षातला बराच काळ त्यांना पीटर्सबर्गच्या हवेपासून दूर मॉस्कोला राहावे लागे. मित्र गमतीने म्हणत, की बोरोदिन आजारी पडले तरच संगीताचे भले, कारण अंथरुणात असतानाच त्यांना रचना करायला सवड मिळते.

पण त्यांचा सगळ्यात जास्त वेळ ज्या कामात गेला, ते काम घरातले नव्हते. त्या काळी रशियात विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. डॉक्टर व्हायचे तर नादेझ्दा सुस्लोवाप्रमाणे झुरिकला जावे लागे. तिने तिथे 1867 मध्ये डॉक्टरेट घेतली. 1872 मध्ये अकादमीत स्त्रियांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. तो सुरू व्हावा म्हणून झटणाऱ्यांत बोरोदिन अग्रभागी होते. त्यांनी तिथे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यासाठी पैसे उभे केले. गरीब विद्यार्थिनींची फी, खोलीचे भाडे, औषधपाणी याची चिंता वाहिली. अटक झालेल्या विद्यार्थ्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. 1877-78 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात याच अभ्यासक्रमाच्या मुली रणांगणावरच्या रुग्णालयांत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कामाबद्दल शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. तरीही सरकार बदलले तशी हवा बदलली आणि 1882 पासून नवे प्रवेश थांबवण्यात आले. आपण उभारलेली गोष्ट डोळ्यांदेखत मोडताना पाहणे बोरोदिन यांच्या वाट्याला आले. 

याच धबडग्यात अकादमीच्या विद्यार्थ्यांचा हौशी वाद्यवृंद आणि गायकवृंदही त्यांनी आपल्या पंखाखाली घेतला. ज्यांच्या सिंफन्या मोठ्या रंगमंचावर वाजत होत्या, ते प्राध्यापक उद्याच्या डॉक्टरांना सूर लावायला शिकवीत होते. गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम बसवायचे, तिकिटे खपवायची, वादक जुळवायचे ही कामे त्यांना कमीपणाची वाटली नाहीत. मांडवाची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही धावपळ वेगळी समजावून सांगायला नको.

मित्र या सगळ्यावर चिडत. देवाने दिलेली देणगी हा माणूस सभा-समित्यांत उधळतो आहे, असे त्यांना वाटे. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी तर ऑपेराच्या मागे अक्षरशः तगादा लावला होता. 1879 मध्ये मैफलीत ऑपेरातली पोलोव्त्सी नृत्ये वाजवायची ठरली, तरी त्यांचे वाद्यलेखन झालेले नव्हते. शेवटी रिम्स्की-कोर्साकोव्ह, त्यांचे तरुण मित्र ल्यादोव्ह आणि बोरोदिन असे तिघे एका रात्री लिहायला बसले. घाईत सगळे पेन्सिलीने. अक्षरे पुसू नयेत म्हणून रसायनशास्त्रज्ञाने कागदांवर पातळ जिलेटिनचा हात फिरवला आणि धुतलेल्या कपड्यांसारखे ते कागद दोरीवर वाळत घातले. आज जगभर वाजणारे हे संगीत असे दोरीवर वाळले आहे.

बाहेरच्या जगाने मात्र त्यांना ओळखले होते. 1877 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना जर्मनीत येना येथे पोहोचवायला ते गेले आणि जवळच वायमारला राहणाऱ्या फ्रान्झ लिस्ट यांना भेटले. त्या थोर पियानोवादकाने त्यांच्या सिंफनीचे तोंड भरून कौतुक केले. 1880 मध्ये लिहिलेले मध्य आशियाच्या स्तेपचे संगीतचित्र बोरोदिन यांनी लिस्ट यांनाच अर्पण केले. 1881 मध्ये त्यांनी दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले, ते पत्नीला अर्पण केले. हायडेलबर्गच्या त्या पहिल्या भेटीला तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यातला तिसरा भाग, नॉक्टर्न, चेलोच्या सुराने सुरू होतो. चेलो हे बोरोदिन यांचे स्वतःचे वाद्य.

1885 मध्ये त्यांना पटकी झाली. त्यातून ते वाचले, पण हृदय दुबळे झाले. 27 फेब्रुवारी 1887 रोजी, रशियाच्या जुन्या कालगणनेप्रमाणे 15 फेब्रुवारीला, अकादमीच्या प्राध्यापक मंडळींचा वेषभूषेचा समारंभ होता. बोरोदिन लाल सदरा आणि उंच बूट अशा रशियन ग्रामीण वेषात आले होते. नाचले, हसले, गप्पा मारल्या. बोलता बोलता ते एकाएकी कोसळले. भोवती शहरातले नावाजलेले डॉक्टर होते. त्यांनी शर्थ केली, पण हृदय पुन्हा सुरू झाले नाही. वय अवघे 53. एकातेरिना त्या वेळी मॉस्कोत होत्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याही गेल्या.

इथे एक तारीख मराठी माणसाला अडखळवते. बोरोदिन यांच्या आदल्याच दिवशी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांनी देह ठेवला होता. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे हे जोडपे आपल्यासारखेच मुलखाबाहेर, बंगालमध्ये श्रीरामपूरला राहत होते. तिथूनच 1883 मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. आनंदीबाई आणि बोरोदिन यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्या बंद दाराशी ती मुलगी एका टोकाला उभी होती, तसेच एक दार दुसऱ्या टोकाला हा प्राध्यापक आतून उघडून धरत होता. दोघे एका दिवसाच्या अंतराने गेले.

बोरोदिन यांना अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या दफनभूमीत, मुसोर्गस्की यांच्या शेजारी पुरले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या स्त्री डॉक्टरांनी चांदीवर कोरून त्यांना निरोप दिला. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा संस्थापक, रक्षक आणि विद्यार्थ्यांचा आधार अशा अर्थाचे ते शब्द होते. त्यात संगीताचा उल्लेख नव्हता.

संगीताची जबाबदारी मित्रांनी उचलली. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि तरुण ग्लाझुनोव्ह यांनी विखुरलेले कागद गोळा केले आणि रिकाम्या जागा भरल्या. ऑपेराची सुरुवातीची ओव्हर्चर कागदावर नव्हती. बोरोदिन ती पियानोवर वाजवून दाखवत तेव्हा ग्लाझुनोव्ह यांनी ऐकली होती, त्या आठवणीवरून त्यांनी ती उतरवून काढली. 4 नोव्हेंबर 1890 रोजी प्रिन्स इगोर पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात रंगमंचावर आला. पुढे 1953 मध्ये अमेरिकेत बोरोदिन यांच्या चालींवर किस्मत नावाची संगीतिका बसली आणि मृत्यूनंतर 67 वर्षांनी, 1954 मध्ये, त्यांना नाट्यसंगीताचे टोनी पारितोषिक मिळाले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा हिशेब. बोरोदिन यांनी फक्त संगीत केले असते तर ऑपेरा पुरा झाला असता, आणखी दोन-तीन सिंफन्या झाल्या असत्या. फक्त रसायन केले असते तर आणखी काही अभिक्रियांना त्यांचे नाव लागले असते. झिनिन सर म्हणत होते त्यात तथ्य होते, आणि हे नुकसान खरे आहे. ते झाकून उपयोग नाही. पण मला आणखी एक दिसते. त्यांच्या संगीताने कुठल्या रुग्णाचा, विद्यार्थिनीचा किंवा दारात आलेल्या पाहुण्याचा वेळ घेतला नाही. जे दिले ते स्वतःच्या झोपेतून, आजारपणातून, सुटीतून दिले. आणि जे अपुरे राहिले ते पुरे करायला माणसे उभी राहिली, कारण आयुष्यभर त्यांनी माणसे जोडली होती. आपल्या तालमीत एकजण वॉर्डाकडे गेला की उरलेले त्याची जागा गुणगुणतात, त्यातलाच हा प्रकार.

ती मुलगी परीक्षा पास झाली. यंदा तालमीच्या यादीत तिने स्वतःचे नाव स्वतःच लिहिले आहे. सहाव्या दिवशीच्या कार्यक्रमात ती त्या नॉक्टर्नमधला थोडा भाग वाजवणार आहे. आपल्याकडे चेलो नाही, म्हणून सुरुवातीचा तो सूर आपले भूलतज्ज्ञ पेटीवर धरतील. मध्येच त्यांना थिएटरमधून बोलावणे आलेच, तर प्रेक्षकांनी तेवढी जागा सांभाळून घ्यावी, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!